हिरव्या दोऱ्याचं बटण

कपाटातल्या जुन्या पांढऱ्या एप्रनचं एक बटण हिरव्या दोऱ्यानं लावलेलं आहे. ते दिसलं, की उमरग्याच्या माझ्या दवाखान्यातली एक दुपार आठवते. बाहेर हायवेवर ट्रक घरघरत होते. समोर एक म्हातारे शिंपी आणि त्यांचा तरुण मुलगा बसले होते. मुलाची दारू नुकती सुटली होती, पण हातांचं कापणं अजून पुरतं गेलं नव्हतं. माझं लोंबणारं बटण पाहून म्हाताऱ्यांनी कॉलरीत खोचलेली सुई आणि खिशातला हिरवा दोरा काढला, मुलाच्या हातात दिला. “ओव बेटा. आहिस्ता, घाई न्हाय.” दोरा नेढ्यापाशी थरथरला, चुकला, पुन्हा चुकला आणि अखेर आत गेला. “आता डॉक्टरसाबचं बटन बी तूच लाव.” मी एप्रन काढू लागलो, तर ते म्हणाले, “राहू द्या अंगावरच. न्हाय टोचणार.” सुई माझ्या छातीशी आत-बाहेर जात राहिली. ऑपरेशन बघतानाही माझा श्वास कधी असा रोखला गेला नव्हता. शेवटी मुलानं वाकून दातानं दोरा तोडला. टाके पडत होते तो सगळा वेळ म्हातारे खिडकीबाहेर बघत होते. तो एप्रन आता विरलाय, कॉलर फाटलीय. बटण मात्र तसंच पक्कं आहे.