सानियाच्या वहीतले टॅग

किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत. आपण कागद कापत बसायचं, पट्ट्या सतरंजीवर पडत राहतात आणि उठून बघावं तर त्या ओढणीला, केसांना, सगळीकडं चिकटलेल्या! आमच्या टॅगचे किस्से तसेच मला चिकटलेत. मी वर्गात फारशी बोलत नाही, म्हणून लिहून काढते.

आम्ही चौघी. मी भिगवणची, अंकिता डाळजची, पूनम कळसची, आणि माझ्या बाकावर बसणारी सानिया. सानियाच्या अब्बांचं हायवेला मासळीचं दुकान. ते आवरून तिच्या मामूंबरोबर सोलापुरात धंदा करायचं ठरलं. परीक्षा झाली की रविवारी टेम्पोत सामान भरून सगळं घर तिकडं जाणार होतं.

हे कळल्यावर अंकिता म्हणाली, "तिला जंक जर्नल द्यायचं!"

जंक जर्नल म्हणजे रद्दी कागदांची, हातानं शिवलेली, सजवलेली वही. तिच्या पानांना खिसे असतात आणि खिशांत टॅग. टॅग म्हणजे वरचे दोन कोपरे तिरके कापून, भोक पाडून दोरी ओवलेली छोटी पट्टी. वर्गातल्या प्रत्येकानं घरातला एक कागद द्यायचा, आम्ही त्याचा टॅग करायचा, आणि मागं त्यानं सानियासाठी एक ओळ लिहायची. अंकिताच्या अटी दोन. काही विकत आणायचं नाही, आणि सानियाला कळता कामा नये.

"अगं, पण ती माझ्याच बाकावर बसते!" मी म्हणाले.

"म्हणून तर कळणार न्हाय," अंकिता म्हणाली. "तू कुठं बोलतीस?"

*

कागद यायला लागले. कुणी चहाच्या पुड्याचं वेष्टण आणलं, कुणी बियाण्याचं पाकीट. ओंकारनं डाळिंबावर मारायच्या औषधाचा खोका आणला. लाल त्रिकोण, त्यात 'विष' आणि खाली हाडांची फुली! मागं त्यानं सुंदर अक्षरात लिहिलं होतं, 'सानिया, आम्हाला विसरू नकोस.'

अंकितानं पुढून वाचलं, मागून वाचलं.

"ओंक्या, ही आठवण हाय का धमकी?"

*

कागद जुना दिसावा म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडवून वाळवतात. मी आमच्याच घरात पातेलंभर कोरा चहा केला आणि कागद बुडवले. नेमके तेव्हाच पाहुणे आले.

आईनं डबा उघडला. पावडर नाही. मग तिनं पातेल्यात डोकावून पाहिलं.

"नवा कागद जुना करायला सगळी पावडर घातलीस?" आई म्हणाली. "दोन दिवस मला दिला असतास, चुलीपाशी ठेवून फुकट जुना करून दिला असता!"

पाहुण्यांना सरबत दिलं. कागद मात्र काय सुरेख दिसत होता!

*

विकत काही आणायचं नाही, म्हणून पूनमनं गव्हाच्या पिठाची खळ शिजवली. कागदाला कागद चिकटवून पहिले काही टॅग जाड केले आणि तिच्याच अंगणात खाटेवर वाळत घातले. आम्ही आत पाणी प्यायला गेलो. बाहेर आलो तर त्यांची शेळी शेवटच्या टॅगची दोरी तोंडातून बाहेर टाकत होती. तिनं बाकी सगळं खाल्लं होतं!

पूनम रडायलाच लागली. तिचे आजोबा, तात्या, दारात बसून सगळं बघत होते.

"तात्या, हाकलायची न्हाय का तिला?"

"मला वाटलं तिच्यासाठीच केलंय," तात्या म्हणाले. "पीठ तुमी लावलं, खाटंवर वाढलं तुमी. ती काय उपाशी उठंल व्हय?"

अंकितानं चघळलेली दोरी उचलली, नळाखाली धुतली आणि कात्री काढली. "पुन्हा करायचे. खळ शिजव, पूनम. आणि ह्यावेळी खाट माळ्यावर!"

*

सोनेरी किनार हवी होती. आमच्या घरी दारामागच्या खिळ्याला लग्नपत्रिका अडकवलेल्या असतात. त्यातली सगळ्यात झगझगीत काढून मी तिचे टॅग केले. लग्न होऊन गेलेलं नाही, हे मी पाहिलंच नाही!

लग्नाच्या दिवशी सकाळी आबा, म्हणजे माझे आजोबा, फेटा बांधून तयार. "पत्रिका आण गं. कार्यालय बारामतीत हाय का इंदापुरात?"

मी टॅग आणून त्यांच्यासमोर मांडले. एकावर वधूचं नाव, एकावर मुहूर्त, एकावर नुसतेच 'आपले नम्र'. कार्यालयाचा पत्ता शेवटी निळी लेस लावलेल्या टॅगवर सापडला. बारामती!

आबांनी त्या टॅगची दोरी सदऱ्याच्या गुंडीला अडकवली आणि एसटीला गेले. संध्याकाळी परत आले ते हसतच.

"मांडवात जो तो विचारतोय, 'आबा, छातीवर हे काय?' मी म्हणलं, 'नातीनं पत्ता लावून धाडलंय, म्हातारा हरवायला नको!'"

त्या टॅगवर जिलेबीचा डाग पडलाय. तो आम्ही तसाच ठेवला.

*

सुईनं पाडलेली भोकं फाटायला लागली. नीट भोकं पाडायला पंचिंग मशीन लागतं. ते शाळेच्या ऑफिसात. मागायला मला पाठवलं, कारण अंकिताला मला बोलतं करायचं होतं!

मी दारात उभी राहिले. कारकून काका मान खाली घालून काम करत होते. तोंडातून शब्द फुटेना, म्हणून मी माझा टॅग तसाच पुढं केला. काकांनी मान वर न करता तो घेतला, धाडकन 'आवक'चा शिक्का मारला आणि म्हणाले, "ठेवून जा. चौकशी करू."

मग त्यांनी पाहिलं. चहात बुडवलेला, कोपरे कापलेला, फुलं चिकटवलेला कागद!

"हे काय हाय?"

"सानिया जाणार आहे," एवढंच मला बोलता आलं.

काकांनी मशीन काढून दिलं. त्या शिक्क्याच्या टॅगवर मी बॉलपेननं माझी ओळ लिहिली. सगळ्यांच्या ओळी मी वाचल्या होत्या, माझी कुणाला दाखवली नाही.

*

वही झाली. शनिवारी आम्ही ती गुपचूप अब्बांकडं दिली. सोलापुरात पोचल्यावर त्यांनी ती सानियाला द्यायची, असं ठरलं. टेम्पोत भिजू नये म्हणून वर्तमानपत्रात गुंडाळून थर्माकोलच्या नव्या खोक्यात ठेवली होती.

रविवारी सकाळी अब्बांचा अंकिताला फोन. "पोरींनो, या लवकर."

दुकानामागं अब्बा खोकं उघडून बसले होते. काठोकाठ बर्फ!

"सवयीनं झालं," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "आज दुकान बंद करायचं, त्या घाईत सगळी खोकी भरली. कागदात गुंडाळलेलं दिसलं की हात बर्फाकडंच जातो."

पूनमनं वही बाहेर काढली. पानं फुगली होती. स्केचपेनच्या ओळी पसरल्या होत्या, बॉलपेनच्या तेवढ्या टिकल्या होत्या. टेम्पो दुपारी निघणार होता.

"वाळवायचं," अंकिता म्हणाली.

धरणाच्या बॅकवॉटरच्या काठाला बांबूंवर जाळी वाळत घातलेली असतात. टॅगला दोऱ्या होत्याच. आम्ही एकेक टॅग जाळ्याला बांधत गेलो, अब्बाही बांधत होते. विषाचा त्रिकोण, जिलेबीचा डाग, चघळलेली दोरी, शिक्का. वाऱ्यावर सगळे फडफडायला लागले.

आणि मागून सानियाचा आवाज आला. "अब्बा, टेम्पोवाला विचारतोय... हे काय लावलंय?"

अब्बांनी घसा खाकरला.

"चिलापी मासा हाय. नवीन जात. हात लावू नको, सोलापुरात गेल्यावर दावतो."

दोन्ही हात पाठीमागं बांधून सानिया जाळ्याच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू चालत गेली. प्रत्येक टॅग वाऱ्यानं उलटेपर्यंत थांबत होती. शिक्क्याच्या टॅगपाशी ती जरा जास्तच थांबली. मी पाण्याकडं बघत होते.

मग ती वळली, ओढणीनं नाक पुसलं आणि म्हणाली,

"अब्बा, ह्या माशांवर बर्फ नका टाकू."