मैदानाकडे पाठ करून बसणारे वाघमोडे सर

मंडईत मेथीच्या जुड्या उलट्यापालट्या करत उभा होतो, तेवढ्यात उमेशचा फोन आला. "काका, अण्णा गेले… झोपेतच," एवढंच तो बोलू शकला, आणि माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सुटले". भाजीवालीनं चमकून माझ्याकडे पाहिलं. लांबलेल्या आजारानं माणूस गेलं की हा शब्द आपण सगळेच वापरतो, आणि खरं सांगायचं तर त्यात जाणाऱ्यापेक्षा मागे राहिलेल्यांचीच सोय जास्त असते. माझा रोख वेगळा होता. उमेशचे वडील, म्हणजे आमच्या शाळेतले खेळाचे शिक्षक जालिंदर वाघमोडे, डायलिसिसच्या सुयांतून सुटले हे तर झालंच. पण त्याहून जुन्या एका जाचातून ते जाण्याच्या थोडे आधीच सुटले होते, आणि ते मी समोर बसून पाहिलं होतं. मित्र गेल्याचं दुःख मला आहेच. त्या दुःखात जो एक मोकळा श्वास मिसळला आहे, त्याची मात्र मला अजिबात लाज वाटत नाही.

बावड्याच्या शाळेत आम्ही दोघं एकाच वर्षी रुजू झालो. मी भूगोलाला, ते खेळाला. तोवर खेळाचा तास म्हणजे पोरांपुढे चेंडू टाकायचा आणि मास्तरांनी चहाला जायचं, असाच आम्हा सगळ्यांचा समज होता. वाघमोड्यांनी पहिल्याच आठवड्यात माझ्या वर्गाच्या दारात येऊन फळा मागितला. मी गोदावरीचं खोरं निम्मं काढलं होतं. "मास्तर, तुमची नदी उद्या बी हितंच आसल," म्हणाले आणि माझ्या डोळ्यांदेखत गोदावरी पुसून तिथं खो-खोचं मैदान काढलं. मी चिडून शेवटच्या बाकावर जाऊन बसलो आणि पुढचा सगळा तास तोंड उघडं ठेवून ऐकत राहिलो. दोन टोकांना दोन खांब, मधे एकाआड एक तोंडं करून बसलेल्या आठ जणी आणि पकडायला उठलेली नववी. तिला एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही आणि मधली पट्टी ओलांडता येत नाही, पळणारीला मात्र सगळी मोकळीक. "मग नुसतं मागं पळून ती घावल का?" त्यांनी पोरींना विचारलं. पोरी म्हणाल्या, न्हाय. "आमच्या आबाकडं मेंढरं व्हती. आबा कधी मेंढराच्या मागं पळाला न्हाय. ते कुठं जाणार ते बघायचा आन् म्होरं जाऊन हुबा ऱ्हायचा. तुमी बी तेच करायचं. तिची वाट धरायची आन् तितं बसलेलीला खो द्यायचा." इतका भूगोल शिकून वाट धरणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. अर्थात हे मी त्यांना कधी सांगितलं नाही, डोक्यावर बसले असते.

शिकवताना ते भारी चिवट होते. एकच वळण, खांबाला हात लावून अंग झोकायचं आणि पलीकडे निघायचं, ते पोरींकडून आठवडाभर करून घेत. आधी चालत, मग हळू पळत, मग कुणीतरी मागे लावून. चुकलं की ओरडत नसत. "का चुकलं?" एवढंच विचारत, आणि उत्तर येईपर्यंत तिथंच उभे राहत. पोरगी घामाघूम, हे ढिम्म. एकदा मी म्हटलं, सांगून टाका की हो बिचारीला. तर म्हणाले, "मी सांगितलं तर ते माजं हुईल. तिचं कसं व्हायचं?"

सामन्याच्या दिवशी तर कहरच. शिट्टी झाली की वाघमोडे सर खुर्ची उलटी फिरवायचे आणि मैदानाकडे पाठ करून बसायचे. बाकीच्या शाळांचे शिक्षक रेषेवर नाचताहेत, घसा फोडताहेत, आणि आमचे सर निवांत समोरच्या लिंबाकडे बघत बसलेत! लोक हसायचे. काहींना तो माज वाटायचा. मला ते म्हणाले होते, "माझ्या तोंडाकडं बघत खेळणारी पोर निम्मीच खेळती. निम्मं डोकं माझ्यापाशी ऱ्हातं. मी दिसलोच न्हाय तर सगळं डोकं तिचं तिच्याकडं." डाव संपला की मात्र लगेच वळायचे, पोरींना जवळ बोलवायचे, आणि आवाजावरून त्यांना सगळा डाव कळलेला असायचा.

सुरेखा ही त्यांची सगळ्यात आवडती विद्यार्थिनी. किडकिडीत, काळी-सावळी, आणि पळायला लागली की पकडणारीला रडू यावं अशी. राज्याच्या संघात तिची निवड होणार हे जवळजवळ ठरल्यासारखं होतं. बारामतीच्या मैदानावर अंतिम सामना होता आणि मीही पोरींबरोबर गेलो होतो, प्रेक्षकांत बसलो होतो. दुसऱ्या डावात सुरेखा अशी खेळली की समोरच्या संघाच्या पोरी कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. वेळ संपत आली असताना खांबापाशी वळताना तिचा गुडघा दुमडला आणि ती पडली ती उठलीच नाही. आम्ही जिंकलो होतो. आमच्या पोरी नाचत होत्या, आणि सर पाठ फिरवलेल्या खुर्चीत हसत बसले होते, कारण आरडाओरडा त्यांनी आनंदाचाच समजला. मग कुणीतरी हाक मारली. ते वळले… तो चेहरा मी विसरू शकत नाही. त्यात दुसऱ्या शाळेचे एक शिक्षक येऊन म्हणाले, "अहो, पोरगी पहिल्या डावापासून लंगडतीय. तुम्ही बघत नव्हता का?"

गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली, पण सुरेखाचं खेळणं तिथंच संपलं. सर दवाखान्याच्या दारापर्यंत गेले. तिच्या वडिलांनी दारातूनच हात जोडले, आणि सरांनी आत न जाता परतीची एसटी धरली. त्यानंतर त्यांनी खुर्ची कधी फिरवली नाही. सामन्यात ते रेषेवर उभे राहू लागले, इतरांसारखेच ओरडू लागले. "ऊठ! खो दे! खांबाकडं जा!" पोरी त्यांच्या तोंडाकडे बघत खेळू लागल्या. ढाली येत राहिल्या, मुख्याध्यापक खूश होते. मला मात्र ते बघवत नसे. पोरीचा गुडघा गेला हे वाईटच, पण त्याबरोबर आमच्या तालुक्यातला एक अस्सल शिक्षकही गेला, असं मला राहून राहून वाटायचं. बोलायला गेलो की ते विषय बदलत. सुरेखा पुढे लग्न होऊन लोणी भापकरला गेली. सर संकष्टीला मोरगावला जात, बऱ्याचदा मीही बरोबर असे; वाटेत लोणीकडे वळायचा फाटा लागे, आणि तो येईपर्यंत बडबडणारा हा माणूस तिथं खिडकीबाहेर बघत गप्प होई.

निवृत्तीनंतर काही वर्षांनी मूत्रपिंडं थकली आणि डायलिसिससाठी ते उमेशच्या बारामतीच्या फ्लॅटमध्ये राहायला आले. मीही आता बारामतीतच असतो, त्यामुळे जवळजवळ रोज गाठ पडे. पाणी मोजून, चहा अर्धा कप, ढीगभर पथ्यं. ते चिडचिड करत आणि मी त्यांच्यासमोर मुद्दाम पूर्ण कप पीत असे. हिवाळा सरता सरता एके सकाळी त्यांचाच फोन आला. "मास्तर, उम्याला गाडी काढाय लावलीय. लोणीला जाऊन यिऊ." का, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. गाडीत सरांच्या पत्नी, आमच्या वहिनी, सारखी त्यांच्या अंगावर शाल ओढत होत्या आणि ते ती सारखी झटकत होते.

सुरेखा घरीच होती. उसाला पाणी देऊन नुकतीच आली होती, पायाला चिखल. सरांना गाडीतून आधार देऊन उतरवताना पाहून ती जागच्या जागी थबकली, मग धावत आली. किंचित पाय ओढत धावत आली, आणि सरांनी नेमकं तेच पाहिलं. पडवीत बाजेवर बसल्यावर त्यांनी पाणीही घेतलं नाही. म्हणाले, "सुरेखा, मी पाठ फिरवून बसलो व्हतो. तुजा पाय गेला त्यो माज्यामुळं. एवढंच सांगाय आलोय." मला वाटलं, आता ही पोर "असू द्या सर" म्हणेल आणि आपण चहा पिऊन, तेच ओझं घेऊन परत जाऊ.

सुरेखा त्यांच्याकडे बघतच राहिली. "सर, तुमी इचारलं व्हतं की!" ती म्हणाली. "दोन डावांच्या मधी. आमाला समद्यास्नी रांगंत हुबं केलं, एकेकीला इचारलं, पाय बरा हाय का. माज्यापाशी आल्यावर दोनदा इचारलं. मी व्हय म्हणले. उडी मारून बी दावली… दात आवळून. गुडघ्याला आतनं वढणी बांधली व्हती, ती दिसू न्हाय म्हून पँट खाली वढून धरली."

"मी इचारलं व्हतं?" सर म्हणाले.

"तर! तुमी न इचारता कवा सोडलंय का? मला बसायचंच न्हवतं सर. तुमी डोळं लावून बसला आसता तरी कळू दिलं नसतं." आणि मग ती पायाच्या चिखलाकडे बघत बोलू लागली. "मला वाटलं तुमी रागावलाय. सरांपाशी खोटं बोलले, म्हून दवाखान्यात आला न्हाय, लग्नाला आला न्हाय. मला तोंड दावायची लाज वाटायची, न्हायतर मीच आले नसते का?"

काय म्हणावं याला! ही दोन माणसं, एक बावड्याला आणि एक लोणीला, आपापला अपराध छातीशी धरून वीसेक वर्षं बसली होती, आणि दोघांनाही वाटत होतं की समोरचा आपल्यावर रागावला आहे. सरांना पाठ फिरवलेली खुर्ची तेवढी आठवत राहिली. त्याआधी आपण रांगेतून फिरत प्रत्येकीचा पाय विचारला होता, हे मात्र "तुम्ही बघत नव्हता का?" या एका वाक्याच्या माऱ्याखाली साफ पुसलं गेलं होतं. मला त्या दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाचा तेव्हा असा राग आला की सांगता सोय नाही.

सरांचे आधी खांदे हलू लागले, मग पोट, आणि ते हसताहेत की रडताहेत ते आम्हाला कळेना. दोन्ही होतं. "लबाड," ते म्हणाले. "उडी मारून दावली व्हय मला? लबाड!" सुरेखा त्यांच्या पायाशी बसून पदरानं डोळे पुसत हसत होती. वहिनींनी मान दुसरीकडे फिरवली. उमेश उगाच गाडीची काच पुसायला बाहेर गेला.

"च्या कर," सर म्हणाले. "आन् भरून कर. अर्धा न्हाय." वहिनी ओरडल्या, पण त्या दिवशी कुणी त्यांचं ऐकलं नाही.

तेवढ्यात सुरेखाची मुलगी शाळेतून आली. आईसारखीच काटकुळी, शाळेच्या खो-खो संघातली. सुरेखा म्हणाली, "सर, हिला काय तरी सांगा. पळती लय, पण नुसती मागं मागं पळती, घावत कुणीच न्हाय." सरांनी सुपातल्या ओल्या शेंगा मागवल्या. आठ शेंगा बाजेवर ओळीनं मांडल्या, पकडणारी म्हणून एक तिरकी ठेवली, आणि पळणारी म्हणून गुळाचा खडा. "ह्यो खडा आता कुठं जाईल?" त्यांनी विचारलं. पोरीनं बोट दाखवलं. "का?" पोरगी विचारात पडली. सुरेखा सांगायला तोंड उघडणार, तर सरांनी हात वर करून तिला गप्प केलं. आणि मग ते थांबले… घाई नाही, ओरडणं नाही, अगदी बावड्याच्या मैदानावर थांबायचे तसे. चहा निवून गेला. शेवटी पोरीनं चौथ्या शेंगेवर बोट ठेवलं आणि म्हणाली, "हिला खो दिला तर त्याची वाट बंद." सरांनी माझ्याकडे पाहिलं. माझा जुना मित्र मला इतक्या वर्षांनी पुन्हा दिसत होता. मला भरून आलं, आणि ते लपवायला मी गुळाचा खडा उचलून तोंडात टाकला. "घ्या, मास्तरानं बाद केली तिला," ते म्हणाले आणि पोरगी खदखदून हसली.

परतताना फाट्यापाशी ते गप्प झाले नाहीत. बारामती येईपर्यंत मला त्या पोरीच्या चुका सांगत होते. घरी आल्यावर जेवले आणि हॉलमधल्या कॉटवर आडवे झाले ते दिवेलागणीलाच उठले. मग ते रोजचंच झालं. ज्या माणसाला आम्ही दुपारी डोळा लावताना कधी पाहिलं नव्हतं, तो आता जेवण झालं की घोरू लागे, आणि घोरणं असं की शेजारचे विचारायचे. ते झोपले की घरातले सगळे जपून वावरत. कुकर दोनच्या आत उरकला जाई, टीव्हीचा आवाज बंद होई, आणि मी गेलो की वहिनी दारातच ओठांवर बोट ठेवून मला आत घेत. "झोपू द्या," म्हणत, "लय वर्सांची राह्यलीय." अशाच एका झोपेतून ते उठले नाहीत.

सगळे विधी आटोपून पाहुणे पांगल्यानंतर, परवा दुपारी मी वहिनींना भेटायला गेलो. चपला बाहेर अलगद काढल्या. वहिनींनी दार हळूच उघडलं. सुनेनं चहाचे कप वाजू न देता ठेवले, टीव्हीवर चित्रं हलत होती, आवाज नव्हता. आम्ही सुरेखाबद्दल बोललो. ती दिवसकार्याला आली होती, लेकीला घेऊन. बराच वेळ बोलणं झाल्यावर वहिनी एकाएकी थांबल्या आणि कॉटकडे बघू लागल्या. पांढरी चादर, कडा नीट खोचलेल्या. "आवो, मोठ्यानं बोला की," त्या म्हणाल्या. "आता कुणाची झोप मोडतीया?" पदर तोंडाला लावून हसल्या, आणि हसता हसता रडल्या. मी हो म्हटलं, घसाही खाकरला. पण आवाज काही वर काढवेना. वहिनींनी डोळे पुसले, माझ्याकडे थोडं वाकल्या आणि पुन्हा कुजबुजतच विचारलं, "अजून थोडा च्या घेताय न्हवं?"