जेवणानंतर, दिवसातून तीनदा

सुलभा म्हात्रे गेल्याचा फोन आला तेव्हा मी आधी विचारलं, "कोण बोलतंय?" आमच्या कॉलेजच्या शिपायाचा आवाज मी वीस वर्षं ऐकलेला, तरी विचारलं. मग म्हटलं, "कुठल्या म्हात्रे? इकडे म्हात्रे काय थोडे आहेत?" तो बिचारा रडवेल्या आवाजात म्हणाला, "आपल्या म्हात्रे मॅडम, सर. फार्मसीच्या." तरीही फोन ठेवून मी दुसऱ्या एका सहकाऱ्याला फोन लावला आणि खात्री करून घेतली. चाळिशीही नीट न ओलांडलेली बाई अशी कशी जाईल... पोटाचं दुखणं होतं, सहा महिने चाललं होतं, मला त्यातलं काहीही ठाऊक नव्हतं. तिने ते माझ्यापासून मुद्दाम लपवलं असणार, हा माझा पुढचा विचार. स्वभाव, दुसरं काय!

शंका घेणं हा तसा माझा धंदाच. उल्हासनगरच्या एका कॉलेजात मी फार्मसीच्या डिप्लोमाची प्रात्यक्षिकं घेत असे. बाटलीवर लेबल असलं तरी आधी आतला माल बघा, मग विश्वास ठेवा, असं मुलांना घोकून घोकून सांगायचो. ती सवय प्रयोगशाळेतून घरी आली. आमची ही म्हणायची, "तुम्ही देवळातल्या प्रसादालाही लेबल मागाल." या पुरवणीसाठी लेख मागायला फोन आला तेव्हाही मी विचारलंच, की माझं नाव कुणी सुचवलं? तेव्हा वाचकांनी मला सांभाळून घ्यावं.

सुलभा आधी माझी विद्यार्थिनी. ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. बदलापूरजवळच्या गावातल्या आगरी शेतकऱ्याची मुलगी, त्या घरातून कॉलेजात आलेली पहिलीच. वर्गात तोलूनमापून बोलायची, गावचं कुणी भेटलं की तिची भाषा एकदम मोकळी व्हायची. पहिल्या वर्षाला मी पूड औषधाची पुडी बांधायला शिकवायचो. कागदाची एक कड दुमडायची, दुसरी तिच्यात सरकवायची, दोन्ही टोकं मागे वळवून अडकवायची. त्यात माझी एक लकब होती. डावं टोक मी किंचित लांब ठेवायचो, म्हणजे ओढलं की पुडी एका झटक्यात सुटते. पुस्तकात हे नाही. साठ मुलांत ते फक्त सुलभाने उचललं, आणि तेही मी न सांगता, नुसतं माझ्या हातांकडे बघून. मी बसचं तिकीट, वाण्याची यादी, हाताला येईल तो कागद तसाच दुमडतो. अजूनही.

पुढे पदवी घेऊन ती आमच्याच कॉलेजात शिकवायला आली आणि स्टाफरूममध्ये माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसू लागली. नव्वदच्या आसपास एक योजना आली. डेन्मार्कमधल्या एका फार्मसी कॉलेजातून एक शिक्षिका आमच्याकडे सहा आठवडे येणार आणि पुढच्या वर्षी आमच्यातलं कुणीतरी तीन महिने तिकडे जाणार. मी अर्ज केला. सुलभानेही केला. निवड तिची झाली. मी तिचं अभिनंदन केलं, पेढाही खाल्ला, आणि संस्थेच्या सचिवांशी हिची ओळख कुठून निघाली याची गुपचूप चौकशी केली. काही निघाली नाही. त्यानेही माझं समाधान झालं नाही.

डेन्मार्कची ती शिक्षिका, क्रिस्टीन, आली ती पाठीला पिशवी आणि हातात जाड वही घेऊन. मुलांचं दुकानातलं ट्रेनिंग उल्हासनगरच्या चार नंबरच्या कॅम्पातल्या वासुमल शेठच्या मेडिकलमध्ये चालायचं. सुलभा तिला तिथे घेऊन जायला लागली, मुलांवर देखरेख म्हणून मीही असायचो. क्रिस्टीन कोपऱ्यात स्टुलावर बसून दिवसभर लिहायची. तिसऱ्या दिवशी वासुमल शेठने मला मागे ओढलं. "मास्टरजी, ये मेमसाब लिखती क्या है? ड्रग इन्स्पेक्टरवाली तो नहीं ना?" मी म्हटलं, "मलाही तेच कळत नाही, शेठ." सुलभाला विचारलं तर ती म्हणाली, "सर, त्यांच्या गावात तुर्कस्तानातून आलेली माणसं राहतात. ती रोजे ठेवतात. तिच्या वर्गातली पोरं त्यांना दुपारच्या गोळ्या देत होती आणि कुणी घेत नव्हतं. तेव्हापासून तिला कळलं की औषध देण्याआधी माणसाचा दिवस विचारायला हवा. ते शिकायला आलीय ती." मला हे फारच गोड वाटलं. फार गोड औषधाचा मला नेहमी संशय येतो.

मग तो म्हातारा आला. बारवी धरणाच्या बाजूच्या ठाकरवाडीतला, भाद्रपदाचे दिवस, पायाला चिंध्या बांधलेल्या. सरकारी दवाखान्यात पायाची जखम दाखवून पाच दिवसांपूर्वी त्याने याच दुकानातून गोळ्या नेल्या होत्या. जखम बरी होत नाही म्हणून तक्रार करायला आला होता. मी गोळ्या मागितल्या. पाच दिवसांच्या पंधरा गोळ्या, जेवणानंतर दिवसातून तीनदा, आणि त्यातल्या दहा तशाच शिल्लक! माझा पारा चढला. "घेतल्याच नाहीस तर जखम बरी कशी होईल? की दुसऱ्या कुणाला द्यायला ठेवल्यास?" तेवढ्यात क्रिस्टीनने इंग्रजीत सुलभाला काहीतरी विचारलं. मला ते ऐकू आलं आणि अंगाचा तिळपापड झाला. ती विचारत होती, हा माणूस दिवसातून किती वेळा जेवतो? मी म्हटलं, "मॅडम, हे आपल्याकडे विचारत नाहीत. अपमान होतो." सुलभा काउंटरला वळसा घालून बाहेर गेली, त्याच्या शेजारी पायरीवर बसली आणि आपल्या घरच्या बोलीत म्हणाली, "बाबा, दिसाचा कती येला जेवतंस?"

"एकदा. सांजचा," म्हातारा म्हणाला. "भात कापाया अजून येल हाय ना, पोरी. डाक्टरनी सांगलं जेवल्यावर घे. मंग जेवल्यावरच घेतली. एक बी चुकवली नाय."

पाच दिवस, पाच जेवणं, पाच गोळ्या. इतकी वर्षं मी मुलांना लेबल लिहायला शिकवत होतो आणि आमच्या लेबलाचं इतकं तंतोतंत पालन केलेला माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो. मला लाज वाटली. पण लाज पोटात ठेवणं मला जमत नाही, तिचा लगेच राग होतो. क्रिस्टीन वहीत लिहीत होती. मला वाटलं, झालं, आता ही तिकडे जाऊन सांगणार की यांच्याकडे माणसं एकदाच जेवतात. आणि आपल्या सुलभानेच ते तिच्या वहीत घातलं.

क्रिस्टीन परत गेली. सुलभाने मात्र तो प्रश्न धरून ठेवला, मुलांना प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायला लावला. आणि मी संस्थेला एक निनावी पत्र टाकलं. परदेशी बाईला आपल्या गरिबांची उपासमार टिपून दिली जाते, यात कोणाचा काय फायदा आहे ते तपासावे, एक हितचिंतक. ते पत्र मी लिहिलं, हे आज पहिल्यांदाच कुणाला तरी सांगतोय. देशाच्या अब्रूसाठी लिहिलं असं तेव्हा स्वतःला पटवलं होतं. खरं म्हणजे मला जायचं होतं आणि ती चालली होती.

सचिवांनी सुलभाला बोलावून पत्र तिच्या हातात दिलं आणि लेखी खुलासा मागितला. तिने दिला. तरी तिचं जाणं आधी पुढे ढकललं गेलं, मग योजनाच गुंडाळली. शिवून आणलेला लोकरी कोट तिने धाकट्या भावाला देऊन टाकला. त्या दिवशी स्टाफरूममध्ये ती मला म्हणाली, "कुणीतरी पत्र टाकलंय, सर." एवढं बोलून ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मी बसचं तिकीट दुमडत होतो. त्या नजरेत काय होतं, याचा विचार मी पुढची कित्येक वर्षं केला... तिला कळलं असेल? कळलं असेल तर बोलत का नाही?

दोन-तीन वर्षांनी आमची ही गेली. मूलबाळ नाही, घर एकदम रिकामं झालं. तेराव्यानंतर कॉलेजात रुजू झालो तेव्हा सुलभाने डबा माझ्यापुढे सरकवला. तांदळाची भाकरी आणि वालाचं बिरडं. म्हणाली, "सर, एक विचारू? दिवसातून किती वेळा जेवता?" मी चमकलो. जगात एवढे प्रश्न असताना हाच का? मला वाटलं, ही मला टोचतेय, त्या पत्राचा हिशेब चुकता करतेय. "दोनदा," मी तुटकपणे म्हटलं. मी निवृत्त होईपर्यंत ती दर आठ-पंधरा दिवसांनी हे विचारत राहिली. मी दर वेळी "दोनदा" म्हणत राहिलो आणि दर वेळी तिचा चेहरा तपासत राहिलो. खरं तर मी रात्रीचा स्वयंपाक केव्हाच सोडला होता.

सुलभा गेल्यावर दोन आठवड्यांनी तिच्या भावाने, तिने माझ्या नावाने ठेवलेली पुस्तकं घेऊन जायला बोलावलं. पुस्तकांबरोबर तिने औषधं तोलायच्या वजनांची जुनी लाकडी पेटी ठेवली होती. पेटीत वजनांच्या खाली एक दुमडलेला कागद होता. उघडण्याआधीच मी तो ओळखला. डावं टोक किंचित लांब. निनावी पत्र टाकणारा मी शहाणा, सही केली नाही, अक्षर बदललं, आणि घडी मात्र माझीच घातली! कागद घड्यांवर विरला होता. म्हणजे तो कितीतरी वेळा उघडला गेला होता आणि दर वेळी माझ्याच पद्धतीने मिटला गेला होता. त्यावर तिने एक अक्षरही लिहिलेलं नव्हतं.

मी भावाला विचारलं, "माझ्याबद्दल कधी काही बोलली?" तो म्हणाला, "लय येला. ताय म्हनाची, सरांचे घरान जेवाला ईचारनारा कोन नाय." मी त्याच्याकडेही संशयाने पाहिलं. पण त्याला त्या कागदातलं काही ठाऊक नव्हतं, तो आपला पुस्तकांना सुतळी बांधत होता.

तिने मला माफ केलं होतं की नाही, हे मला कळलेलं नाही आणि आता कळणारही नाही. डबा पुढे सरकवताना तिच्या मनात काय होतं, याची खात्री करून घ्यायला आता कुणाला फोन लावू?

गेल्या आठवड्यात मधुमेहाच्या गोळ्या घ्यायला वासुमल शेठच्या दुकानात गेलो. वर्षभर साखर उतरत नाही म्हणून मी आधी डॉक्टर बदलला होता, मग गोळीच्या कंपनीवर संशय घेतला होता. काउंटरवर सुलभाच्या हाताखालून गेलेली एक मुलगी असते. तिने चिठ्ठी वाचली. सकाळी आणि रात्री, जेवणाआधी. गोळ्या पुढे न सरकवता ती काउंटरला वळसा घालून बाहेर आली, माझ्याजवळ उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "काका, राग मानू नका. दिवसातून किती वेळा जेवता?"

मी तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तिथे तपासण्यासारखं काही नव्हतं.

"एकदाच," मी म्हटलं.

"मग मी डॉक्टरांना फोन करते, तुम्ही बसा," म्हणत तिने कोपऱ्यातलं ते स्टूल माझ्याकडे ओढलं. मी बसलो. हे उत्तर मी सुलभाला एकदा तरी द्यायला हवं होतं.