आधी पुस्तक आणा

महाळुंग्याला कंपन्यांच्या रस्त्यावर आक्कांचं ऑइलचं दुकान होतं. गिऱ्हाईक आलं की त्या कुठलं तेल, किती लिटर, काही विचारत नसत. नुसता उजवा तळहात पुढे करायच्या. म्हणजे, गाडीचं पुस्तक, गाडीबरोबर मिळतं ते मॅन्युअल, दाखवा. पुस्तक नसेल तर तेल नाही. ड्रायव्हर लोक हसायचे, "आक्का, तेल न्यायला आलोय, शाळेत नाव घालायला न्हाई." आक्का हात तसाच ठेवून म्हणत, "तवा घातलं असतंस, तर आज माझ्याशी वाद घातला नसतास."

स्वतः आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. नवरा मेकॅनिक होता. तो गेल्यावर दुकान त्यांनी चालवलं. "इंग्रजी मला येत न्हाई," त्या सांगत, "पण आकडा येतो. आकड्याला भाषा नसती."

आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिली. जमीन कंपनीत गेली तेव्हा आलेल्या पैशातून माझ्या वडिलांनी, अप्पांनी, पांढरी सात सीटची गाडी घेतली. शोरूममधून मिळालेलं पुस्तक आईने हळदकुंकू वाहून देवघरात ठेवलं. वर्षभर आम्ही त्याला रोज नमस्कार केला. उघडलं कुणीच नाही, मीसुद्धा नाही. हे लिहिताना अजून लाज वाटते.

तेल बदलायची वेळ आली तेव्हा अप्पा फक्त फिल्टर घ्यायला आक्कांकडे गेले. मी सोबत होते. तेल घरी आहे, ट्रॅक्टरचं, असं त्यांनी सांगितलं. आक्कांनी काढलेला फिल्टर परत फळीवर ठेवला.

"मग मी फिल्टर देत न्हाई."

चहा पिणारी चार माणसं वळून बघायला लागली. अप्पा म्हणाले, वीस वर्षं ट्रॅक्टर याच तेलावर चाललाय, तेल जाड तेवढं इंजिन दणकट. आक्का शांतपणे म्हणाल्या, नव्या डिझेल गाडीला धूर गाळायची जाळी असते, भलत्या तेलाची राख तिच्यात बसते. अप्पांचा आवाज चढला. गावातली एक गाडी या दारात थांबू देणार नाही, असं ते म्हणाले. आमच्या गावात अप्पांचा शब्द चालतो, हे आक्कांना ठाऊक होतं. दुकानाशिवाय त्यांची दुसरी कमाई नव्हती.

"नका थांबू देऊ," त्या म्हणाल्या. "पण माझ्या हातानं इंजिन मरणार न्हाई." आणि तळहात माझ्याकडे वळला. "पोरी, तू इंजिनिअरिंगला हायेस ना? जा, पुस्तक आण."

मी तिथल्या एकाची स्कूटी घेऊन घरी गेले, देवघरातून पुस्तक आणलं. कव्हरचं प्लास्टिक पहिल्यांदा फाडलं. पानांवर हळद सांडली. सगळ्यांसमोर तेलाचं पान वाचून, कुठल्या आकड्याचं तेल लागतं ते मराठीत सांगितलं. अप्पा म्हणाले, "कंपनीवाले स्वतःचं तेल खपवायला लिहितात हे."

मी मान खाली घातली होती. तशीच म्हणाले, "न्हाई अप्पा. तेल कुणाचंही चालंल. आकडा हाच पायजे."

अप्पांना मी आयुष्यात पहिल्यांदा नाही म्हटलं होतं. आक्कांनी दिलेला डबा आणि फिल्टर उचलून ते गाडीत बसले. गावच्या गाड्या थांबू न देण्याचं त्यांनी पुन्हा काढलं नाही. पुस्तक मात्र देवघरात परत गेलं नाही, गाडीतच राहिलं.

पुढे रस्ता रुंद झाला, त्यात दुकान गेलं. आक्का राजगुरुनगरला लेकीकडे राहायला गेल्या. निरोप घ्यायला गेले तर म्हणाल्या, "रडतीस कशाला? दुकान रस्त्यात आलं, मी कुणाच्या वाटेत आले न्हाई."

सध्या मी चाकणच्या एका कारखान्यात ट्रेनी आहे. मागच्या महिन्यात सुपरवायझरनी न मोजताच मापं भरलेला कागद पुढे सरकवला. नेहमीचंच आहे, सही कर, म्हणाले. शिफ्टमधली सगळी जाणती माणसं बघत होती. मी उजवा तळहात पुढे केला.

"सर, आधी मोजायचं साधन द्या."

मी हात तसाच ठेवला.