गाडी स्टँडवर लावा

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, एकदा सांगायला लागलो की मला मध्ये थांबता येत नाही. लेकीच्या लग्नाला वर्ष झालं नव्हतं, आणि मी जावयापुढं असा काही शहाणपणा केला की विचारू नका!

आमचे जावई सुशांत साताऱ्याला नोकरीला. नाद मात्र मोटरसायकलच्या शर्यतीचा. आटपाडीकडच्या माळावर त्यांची पहिली शर्यत होती. ते साताऱ्याहून एसटीनं येणार आणि गाडी मी इस्लामपुरातून आमच्या टेम्पोत घालून न्यायची, असं ठरलं.

गाडी काय होती म्हणून सांगू! दिवा नाही, हॉर्न नाही, आरसा नाही. नुसतं इंजिन आणि राग! टेम्पोत चढताना मी नकळत चप्पल काढली. फक्त एक कळेना, तिला उभं राहायला स्टँडच नव्हता.

माळावर पोचलो. शर्यतीच्या गाड्या उभ्या करायच्या आवाराला तिथं पॅडॉक म्हणतात. टेम्पोत दोन लोखंडी सांगाडे होते. मांडवाचे असतील म्हणून ते आमच्या जागेवर उतरवले, तेवढ्यात जावयांचा फोन.

"मामा, पोचला न्हवं? गाडी स्टँडवर लावा. मी आलोच."

आता तुम्हीच सांगा! गाडीला स्टँड नाही, पाहुणे येणार एसटीनं. मग स्टँड म्हणजे कुठला? मी टेम्पो वळवला तो थेट आटपाडीच्या एसटी स्टँडवर!

गाडी खाली घेतली, तर ही गर्दी! एक म्हातारबाबा हात जोडून म्हणाले, "इमानाची हाय का वं? उडती का?"

"जावयाची हाय," मी छाती फुगवली. परत फोन.

"मामा, कुठं हाय?"

"स्टँडवर."

"आन गाडी?"

"गाडीबी स्टँडवरच."

"झ्याक! मागं लावली का पुढं?"

"पुढं."

"आवं, आदी मागं लावा! नुसती पुढं लावली की कलंडती."

खरंच की! पुढं एसट्या वळत होत्या, एखादीचा धक्का लागला असता. न बघता पोराला कळलं कसं? मी थक्क! गाडी ढकलत स्टँडच्या मागं, मुतारीच्या भिंतीला नेली.

"लावली मागं."

"आता टायर गरम करायला पट्टं गुंडाळायचेत. दोन्ही चाकं वर पायजेत."

जावयाचा शब्द! मी ओरडलो, "गड्यांनो, हात लावा!" सहा जणांनी गाडी नवरदेवासारखी उचलली. आमचे हात भरून आले, तेव्हा कुठं पुढचा फोन आला.

"मामा, मी माळाच्या फाट्यावरच उतरलो, आता पॅडॉकमदी हाय. मला गाडी दिसंना."

"मुतारीच्या मागं बघा."

"हितं मुतारी कुठाय?"

तेवढ्यात माझ्या डोक्यावर भोंगा बोलला, "आटपाडी-सांगली गाडी फलाटावर लागत आहे!"

 मग जावई हळूच म्हणाले, "मामा, तुमी उतरवलेलं ते दोन सांगाडं हायत न्हवं? त्येच स्टँड. एक मागच्या चाकाला, एक पुढच्या."

टेम्पो कसा पळवला ते माझं मला माहीत. पोचलो तर बाकीच्या गाड्या सुरू झालेल्या. पोराची पहिली शर्यत माझ्यापायी बुडते की काय म्हणून मी टेम्पो उघडाच टाकून गाडी ढकलत धावलो. गाडी उभी करायला जावयांनी घाईनं मागचा स्टँड जवळ ओढला.

"स्टँड कशाला, पाव्हणं? मी हाय की!" म्हणत मी गाडीची शेपटी गच्च आवळली. जावयांनी हेल्मेट चढवलं, गाडीवर बसले, इंजिन सुरू केलं. देवा, काय तो आवाज! माळ हादरला, माझे डोळे आपोआप मिटले.

"मामा, सोडा!"

मला ऐकू आलं, ओढा. मी ओढली!

सगळ्या गाड्या गेल्या, आमची जागेवर. शेवटी दोघांनी माझी बोटं सोडवली. जावई सगळ्यांच्या मागून निघाले, तरी निम्म्यांना मागं टाकून आले. मी तर बघतच राहिलो. परत आल्यावर शेजारच्या पुण्याच्या गड्यानं माझ्याकडं बघत त्यांना विचारलं, "भारी आहे की स्टँड! कुठून घेतला?"

जावयांनी हेल्मेट काढलं. "सासुरवाडीचा हाय. लग्नात मिळालाय. धरतोय लय झ्याक, सोडत तेवढा न्हाई!"