मंदानं लिहिलेलं नाव

"सर, माणूस तोच आहे," मंदा म्हणाली.

"तोच आहे तर नाव वेगळं का?"

माझ्या डाव्या हातात पाच नंबरच्या खाटेवरच्या पेशंटच्या रक्ताची नळी होती. तिच्यावरच्या लेबलवर मंदाच्या शाळकरी, टपोऱ्या अक्षरात 'विठ्ठल राणे' असं लिहिलेलं होतं. उजव्या हातात वॉर्डातून आलेली रक्ताच्या मागणीची चिठ्ठी होती. तिच्यावर 'शंकर मोरे' होतं. आणि टेबलाच्या पलीकडे पोलिसांचा एक जमादार उभा होता. त्या दिवशी कुणाकुणाला रक्त दिलं, ते आमच्या वहीतून तो उतरवून घेत होता.

ही संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीतली गोष्ट. मी परळच्या एका इस्पितळात, ब्लड बँकेत टेक्निशियन होतो. दुपारी गोळीबार झाला होता. जखमी टॅक्सीतून, हातगाडीवरून, खांद्यावरून येत होते. बंदमुळे निम्मे वॉर्डबॉय कामावर पोचलेच नव्हते. म्हणून नमुने आणायला मी मंदाला पाठवत होतो.

मंदा इस्पितळाची नोकर नव्हती. लालबागच्या एका हायस्कुलात ती मॅट्रिकच्या वर्गात होती. तिच्या हेडमास्तरांनी एक टूम काढली होती. दिवाळीच्या सुट्टीत मुलांनी तीन आठवडे आसपासच्या ठिकाणी काम शिकायचं. कुणी छापखान्यात, कुणी गिरणीच्या ड्रॉइंग ऑफिसात, आणि शास्त्र विषयाची आवड असलेली ही एक मुलगी माझ्याकडे. आता याला इंटर्नशिप म्हणतात. तेव्हा आम्ही उमेदवारी म्हणायचो. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे काय नसतं लचांड गळ्यात मारलं! पण पोरगी चलाख निघाली. दोन आठवड्यांत ती नळ्या धुणं, बाटल्या मांडणं, लेबलं लिहिणं बिनचूक करू लागली.

लेबलाबाबत मी फार कडक होतो. चिठ्ठीवरून नाव उतरवायचं नाही, असं तिला बजावलं होतं. खाटेजवळ जायचं, माणसाचं तोंड बघायचं, त्याला नाव विचारायचं, मगच लिहायचं. कारण साधं आहे. बाटलीतल्या रक्ताचा थेंब पेशंटच्या रक्तात मिसळून गुठळ्या होतात का ते आम्ही बघतो. याला क्रॉसमॅच म्हणतात. गुठळ्या झाल्या तर ते रक्त त्याला विष. नमुनाच भलत्याचा असेल तर सगळी तपासणी फुकट. म्हणून नळी आणि चिठ्ठी यांची नावं जुळली नाहीत तर नमुना परत, हा नियम. तो आजही बरोबर आहे.

"काय भानगड आहे?" जमादारानं मान वर केली. "नाव खोटं आहे काय?"

"काही नाही, शिकाऊ मुलगी आहे," मी म्हणालो. मग मंदाकडे वळून चढ्या आवाजात म्हणालो, "दोन आठवडे काय शिकवलं तुला? जा, दुसरा नमुना घेऊन ये."

ती जागची हलेना. जमादाराकडे एकदा बघितलं, माझ्याकडे एकदा, आणि गेली.

आता खरं सांगतो. त्या दिवशी वॉर्डातल्या निम्म्या लोकांची नावं खोटी होती. पोलीस पाठोपाठ घरी येतील म्हणून आणणारेच काहीतरी नाव ठोकून देत होते. हे डॉक्टरांना माहीत होतं, नर्सेसना माहीत होतं, मलाही माहीत होतं. क्षणभर माझ्या डोक्यात आलंही होतं की हे तसलंच असणार. मुलीला बाजूला घेऊन विचारता आलं असतं. एक जिना उतरून खाटेपाशी स्वतः जाता आलं असतं. पण समोर जमादार होता. माझं काम किती नियमानं चालतं हे मला त्याला दाखवायचं होतं आणि त्याची भीतीही वाटत होती.

मंदा रिकाम्या हातानं परत आली. हाउस सर्जन ऑपरेशन थिएटरमध्ये होते, रक्त काढायला कुणी नव्हतं. तोवर जमादार गेला होता.

"सर, ते आमच्या चाळीतले राणेकाका आहेत. शेजारच्या खोलीतले. मी हाक मारली तर त्यांनी डोळे उघडले. तुम्ही सांगितलं होतं, तोंड बघून लिही, म्हणून मी लिहिलं. चिठ्ठी मी वाचलीच नव्हती."

"मग मघाशी बोलली का नाहीस?"

"पोलीस होता ना!"

मी ती पहिली नळी घेऊन क्रॉसमॅच लावली. कितीही घाई केली तरी तिला तिचा वेळ लागतोच. 'ओ' गटाच्या बाटल्या दुपारीच संपल्या होत्या, नाहीतर निकडीत न तपासता एखादी देता आली असती. क्रॉसमॅच जुळली. मंदा बाटली छातीशी धरून धावत गेली आणि तीच बाटली घेऊन सावकाश परत आली. पाच नंबरच्या तोंडावर चादर ओढलेली होती.

सोमवारी आमच्या इनचार्ज डॉक्टरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कदम, उशीर का झाला ते वर लिहून द्यावं लागेल."

"साहेब, नावं जुळत नव्हती."

"म्हणजे मुलीनं लेबलवर चुकीचं नाव लिहिलं. तसंच लिहा. ती शाळेतली पोर, तिचं काय जाणार आहे? तुमची मात्र नोकरी आहे."

मी तसंच लिहिलं. सही केली. त्या दिवशी निम्म्या वॉर्डाची नावं खोटी, हे लेबल मात्र खरं होतं, आणि तेच चुकीचं असल्याचं मी इस्पितळाच्या कागदावर लिहून दिलं. शाळेला पत्र गेलं, उमेदवारी बंद झाली. मला वाटलं, मिटलं.

आठवड्यानं मंदा दारात उभी राहिली. आत येईना.

"सर, राणेकाकी चाळीत रोज दारात बसून असते. काका येतील म्हणून."

"तू सांगितलं नाहीस तिला?"

"सांगितलं. संचारबंदी उठल्यावर ती माझ्या बाबांबरोबर इथं आली होती. प्रेत वारस नाही म्हणून आधीच उरकलं होतं. क्लार्कनं तुमचा कागद वाचून दाखवला. विठ्ठल राणे हे नाव शिकाऊ मुलीच्या चुकीमुळे पडलं, मेला तो शंकर मोरे. आता मी काही बोलले की काकी म्हणते, 'नाव तूच चुकवलंस ना गो? मग माणूसय चुकलो आसतलो.' कुंकू पुसत नाही. रात्री त्यांचं ताट वाढून झाकून ठेवते."

मी म्हटलं, बघतो. आणि आणखी चार दिवस नुसता बघत बसलो. माझी मला लाज वाटत होती, पण नोकरीही हवी होती. पाचव्या दिवशी दुसरा कागद लिहिला: लेबल बरोबर होतं, पेशंट विठ्ठल राणेच होता, नमुना मी चौकशी न करता नाकारला. साहेबांनी तो वाचून माझ्याकडे वेड्यासारखं बघितलं. मला मेमो मिळाला, बढती अडली.

त्या कागदाची नक्कल घेऊन मी लालबागला त्यांच्या चाळीत गेलो. राणेकाकी खरोखरच दारात बसली होती. तिला वाचता येत नव्हतं. मंदानं मोठ्यानं वाचून दाखवलं, एकदाही न अडखळता. काकीनं सगळं ऐकून घेतलं. उठून आत गेली आणि थोड्या वेळानं आतून बांगड्या फुटल्याचा आवाज आला.

मंदानं कागदाची घडी घालून माझ्या हातात दिली.

"नाव बरोबर आहे, सर," ती म्हणाली. "तारीख उशिराची आहे."

पुढे मी निवृत्त होईपर्यंत त्याच ब्लड बँकेत होतो. नमुना परत पाठवायची वेळ आली की आधी वॉर्डात जाऊन माणूस बघून यायचो. नियमात ते कुठेही लिहिलेलं नाही.