बोलावणं आलं की उठेन

आमच्या देवळात महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. जुन्या मराठी ख्रिस्ती घरांतली आम्ही माणसं चर्चला अजून देऊळच म्हणतो. ज्यांना खटकतं त्यांनी खटकून घ्यावं. तर त्या रविवारी उपदेश संपला की मंडळी रांगेने पुढे जातात, कठड्यापाशी गुडघे टेकतात, भाकरीचा तुकडा आणि द्राक्षारसाचा घोट घेऊन परत येतात. माझी आई जात नाही. तिचा बाप्तिस्माच झालेला नाही. ती डावीकडच्या शेवटच्या बाकावर बसून राहते आणि तिच्या मांडीवर, शेजारी, पायांशी सगळ्यांच्या पर्सा, पिशव्या, मोबाइल, चष्म्यांची घरं आणि तान्ही मुलं येऊन जमा होतात.

ही पद्धत कोणी पाडली ते आता कोणाला सांगता येणार नाही. कधीतरी एखादी बाई कडेवर मूल आणि हातात पिशवी घेऊन अवघडून उठली असेल आणि आईने "द्या इकडे" म्हटलं असेल. मग दुसरीने दिली, तिसरीने दिली. पुढे जाणारा प्रत्येक जण आधी मागे येतो, आईपाशी ओझं टाकतो आणि मोकळ्या हातांनी वळतो. आमच्या मंडळीत पैशांवरून, खुर्च्यांवरून, नाताळच्या कॅरलच्या सुरांवरून भांडणं झाली आहेत. पण आईपाशी ठेवलेली पर्स उघडी सापडली, असं कधी कोणी म्हणालेलं नाही.

आई शनिवार पेठेतली, हिंदू घरातली. बाबांशी लग्न केलं तेव्हा दोन्हीकडे जे व्हायचं ते झालं. त्यानंतर ती दर रविवारी बाबांबरोबर देवळात आली. गीतं तिला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहेत. नाताळात तिच्या करंज्या संपल्याशिवाय कोणी दुसऱ्या ताटाला हात लावत नाही. पण बाप्तिस्म्याचं विचारलं की तिचं एकच उत्तर: "बोलावणं आलं की उठेन."

आजवर देवळात जितके पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले तितक्यांनी तिला विचारलं. एका वयस्कर पाळकांनी जरा जोर धरला, तेव्हा ती म्हणाली, "अहो, त्या भोजनाच्या यजमानांच्या आधी तुम्हालाच माझी घाई झालेली दिसते." ते पुन्हा त्या विषयावर आले नाहीत. आम्ही घरातले याला तिचा पुणेरी तिरकसपणा समजत आलो. त्याच्या आत काही असेल, असं मला तरी कधी वाटलं नाही.

बाबांची श्रद्धा साधी होती आणि ती मी जशीच्या तशी उचलली. देवाने तारणाचं, म्हणजे उद्धाराचं, दार उघडं ठेवलंय, आत यायचं की नाही हे माणसाने ठरवायचं. कोण येणार आणि कोण नाही हे देवाला आधीपासून ठाऊक असतं, पण ठाऊक असणं म्हणजे ढकलणं नव्हे. बाबा माझंच उदाहरण द्यायचे. "हा खेळायला गेला की भांडून येणार, हे त्याच्या आईला पक्कं माहीत असतं. म्हणून भांडण तिने लावलं असं होतं का?" मी तेव्हाही भांडून यायचो, आताही येतो, त्यामुळे उदाहरण कायम लागू पडलं.

पण बाबा गेल्यावर हीच श्रद्धा मला टोचायला लागली. दार उघडं आहे, आत माणसाने स्वतःच्या पायांनी जायचं आहे, आणि माझी आई इतकी वर्षं उंबऱ्यापाशी बसून लोकांच्या पिशव्या सांभाळते आहे. मग तिचं काय? बाबा जिथे आहेत तिथे ती असणार का? हे मी कोणाला विचारलं नाही. मला उत्तराची भीती वाटायची.

मागच्या वर्षी आमच्याकडे नवे पाळकसाहेब आले. तरुण, अभ्यासू, बोलताना हाताने हवेत चौकटी काढायची सवय. त्यांची शिकवण बाबांच्या अगदी उलट. माणूस पापात इतका बुडालेला आहे की दाराकडे वळायची इच्छासुद्धा त्याला स्वतःहून होत नाही. जग घडवायच्या आधीच देवाने आपले लोक निवडले आहेत, तेही त्यांच्यात काही चांगलं पाहून नव्हे, निव्वळ कृपेने. तो ज्याला बोलावतो तोच येतो, आणि तो बोलावतो तेव्हा माणूस आल्यावाचून राहत नाही. पहिल्याच उपदेशाला माझं डोकं फिरलं. सगळं आधीच ठरलेलं असेल तर तुम्ही रविवारी घसा कशाला कोरडा करता, असं मी गाडीत मोठ्याने विचारलं. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "त्यांचा घसा कोरडा होणंही ठरलेलं असेल."

पाळकसाहेबांनी आणखी एक केलं. ज्याने त्याने आपलं सामान आपल्या जागेवर ठेवावं, पवित्र भोजनाच्या वेळी मागेपुढे वर्दळ नको, अशी सूचना दिली. मंडळींनी ती मान डोलावून ऐकली आणि पुढच्या महिन्यात सगळ्या पर्सा पुन्हा आईच्या मांडीवर आल्या. फक्त पाळकसाहेबांच्या पत्नी आपलं तान्हं बाळ कडेवर घेऊनच कठड्यापाशी जायच्या. ते रडायचं, वळवळायचं, एकदा तर त्याने पेल्याला हात मारला. तरी त्यांनी ते आईकडे दिलं नाही. मला ते दिसायचं आणि झोंबायचं.

माझी मुलगी यंदा अकरावीला. तिचं दृढीकरण या वर्षी व्हायचं होतं. दृढीकरण म्हणजे, लहानपणी आईबापांनी आपल्या वतीने दिलेला शब्द मोठेपणी सगळ्यांसमोर स्वतःच्या तोंडाने देणं. त्यानंतर प्रभुभोजनात भाग घेता येतो. त्यासाठी दर शनिवारी दुपारी पाळकसाहेबांचा वर्ग असायचा. मुलगी घरी येऊन जेवणाच्या टेबलावर सगळं माझ्याशी भांडून बघायची. "पप्पा, तुम्ही म्हणता देव आधी बघतो कोण विश्वास ठेवणार आणि मग त्यांना निवडतो. मग त्यात देवाचं काय राहिलं? ती तर निकाल बघून केलेली अॅडमिशन झाली." मी म्हणायचो, सरांचं खरं मानलं तर उरलेल्यांवर अन्याय होतो. ती म्हणायची, "हो ना, तेच मीपण सरांना विचारलं." शिकवणाऱ्या सगळ्यांना ती सरच म्हणते, पाळकसाहेबांनासुद्धा.

एका शनिवारी ती घरी आली ती सरळ खोलीत गेली. जेवायला बसली तेव्हा डोळे सुजलेले. वर्गात तिने विचारलं होतं, "माझी आजी?" विचारायला नको होतं, आणि पाळकसाहेबांनी उत्तर द्यायला नको होतं. पण ते तरुण होते, प्रश्न सोडून देणं त्यांना जमलं नाही. ते म्हणाले होते की इतकी वर्षं देवाचं वचन ऐकूनही ज्याचं मन वळत नाही, तो निवडलेल्यांपैकी नसल्याचं ते चिन्ह असू शकतं. मुलगी म्हणाली, "मी हे मानणार नाही." त्यावर ते म्हणाले, "मग तुला निवडीचा धडा समजला नाही. विचार करून ये. नाहीतर तुझं दृढीकरण पुढच्या वर्षी करू."

"मला पुढच्या वर्षी चालेल," मुलगी ताटाकडे बघत म्हणाली. "आजीवर फुली मारून मला पुढे जायचंच नाही."

आई समोरच बसली होती. तिने सगळं ऐकलं आणि मुलीच्या ताटात आणखी एक पोळी वाढली.

मी रात्रभर धुमसलो. सोमवारपासून हिंजवडीच्या कंपनीच्या बसमध्ये, ट्रॅफिकमध्ये अडकलेलो असताना मनातल्या मनात पाळकसाहेबांना सुनावत होतो. कात्रजपासून तिथपर्यंत सुनावायला वेळ भरपूर मिळतो. शुक्रवारी मी आईला सांगितलं, की उद्या मी त्यांच्याकडे जातो आणि दोन शब्दांत विषय संपवतो.

"तू जाऊ नकोस," आई म्हणाली.

"का? तुझ्याबद्दल बोललेत ते."

"माझ्याबद्दल बोललेत, मला काही झालेलं नाही. भांडण तिचं आहे, ते तिला भांडू दे. तू गेलास तर आवाज चढवशील आणि तिचं सगळं फुकट जाईल."

शनिवारी मुलगी एकटीच गेली. पाळकसाहेबांना म्हणाली, "सर, मी विचार केलाय. पण तुम्ही मला मंडळीसमोरच विचारा." त्यांनी तिच्याकडे बघितलं आणि ठीक आहे म्हणाले. हे मात्र मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवतो. दुसरा एखादा पाळक असता तर त्याने तिला त्या दिवशीच वगळलं असतं.

तो रविवार महिन्याचा पहिला आणि दृढीकरणाचा, देऊळ भरलेलं होतं. मुलगी पांढऱ्या सलवार कमीजमध्ये इतर मुलांबरोबर पुढे उभी. मी आईशेजारी शेवटच्या बाकावर. मुलगी चुकीचं बोलली असती तर सगळ्यांदेखत परत येऊन बसायची वेळ आली असती, आणि तीही आजीमुळे. आईने ते स्वतःला कधी माफ केलं नसतं, वरवर कितीही बेफिकिरी दाखवली तरी.

तिची पाळी आली. पाळकसाहेबांनी विचारलं, "तुझं तारण कशाने झालं?"

"देवाच्या कृपेने."

"तुझ्या विश्वासामुळे नाही?"

"विश्वाससुद्धा त्यानेच दिला. तुम्हीच शिकवलंत." मधल्या बाकांवर कोणीतरी हसलं.

मग पाळकसाहेबांनी वर्गात अडलेला तोच प्रश्न विचारला. "मग देवाने कोणाला निवडलं आहे, हे आपल्याला कशावरून कळतं?"

"दुसऱ्याचं कळत नाही, सर," ती म्हणाली. आवाज चांगलाच मोठा होता. "निवड त्याने केली. कोणी काय केलं आणि काय नाही केलं, हे बघून तो निवडत नाही. मग आपणही ते बघून कोणाचं नाव खोडायचं नाही. माझी आजी म्हणते, बोलावणं आलं की उठेन. सगळ्यांना वाटतं, ती नाही म्हणते. ती नाही म्हणतच नाहीये. ती थांबली आहे. बोलावल्याशिवाय कोणी येऊ शकत नाही, हे खरं असेल, तर तिने थांबायलाच हवं ना?"

सगळ्या माना वळून शेवटच्या बाकाकडे झाल्या. आईने पदर सारखा केला.

पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "उत्तर बरोबर आहे," ते म्हणाले आणि पुढच्या मुलाकडे वळले.

मला काय वाटलं ते सरळ सांगतो. माझी छाती अभिमानाने इतकी भरून आली की बाकावर उभं राहून ओरडावंसं वाटलं, ही माझी मुलगी आहे. ती जिंकली म्हणून नव्हे. ज्या शिकवणीचा मी वर्षभर राग राग केला, तिच्यात ती आत शिरली आणि तिथून माझ्या आईसाठी जागा घेऊन बाहेर आली. माझ्या उघड्या दाराने मला नुसती भीतीच दिली होती, कारण पाऊल आईने टाकायचं होतं. पोरीने ते पाऊल आईवरून काढून देवावर टाकलं. निवडीचं गणित मला आजही पुरतं पटत नाही, उरलेल्यांचं काय हा प्रश्न तसाच आहे. पण आईबद्दलची भीती त्या दिवशी गेली आणि परत आलेली नाही.

"जरा हळू बोलायला हवं होतं," आई पुटपुटली. "मुद्दे मात्र बरोबर होते." तिचे डोळे भरले होते आणि ते तिने पुसलेही नाहीत.

मग प्रभुभोजन सुरू झालं. नेहमीप्रमाणे पर्सा आल्या, पिशव्या आल्या. मुलगी धावत मागे आली, आपला मोबाइल आणि ओढणीची पिन आजीच्या हातात देऊन पहिल्यांदाच त्या रांगेत जाऊन उभी राहिली. मी तिच्या मागे उभा राहणार इतक्यात पाळकसाहेबांच्या पत्नी पहिल्या बाकावरून उठून सगळं देऊळ ओलांडत मागे आल्या. त्यांनी बाळ आईच्या मांडीवर ठेवलं. आईने पर्सा बाजूला सारून त्याचं डोकं कोपरावर घेतलं. मोकळ्या हातांनी त्या कठड्याकडे गेल्या.

परत आलो तेव्हा बाळ झोपलं होतं. लोक येऊन आपापलं सामान उचलत होते. आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "कधी मला तिकडे पुढे बोलावणं आलंच, तर हे सगळं कोण सांभाळणार?"

"मी सांभाळेन."

"तुला जायचं असेल ना पुढे?"

"त्या रविवारी मी इथे बसेन."

तिने मला वरपासून खालपर्यंत एकदा पाहिलं. मग झोपलेलं बाळ उचलून माझ्या हातांत ठेवलं. "मान नीट धर," ती म्हणाली. "आत्तापासून सवय कर."